ब्याण्णवचं कापरं

गाडी आली तेव्हा मिस्त्री गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून चहा पीत होता. चौकोनी तोंडाची, उंच, चारही चाकांना जोर पोचवणारी जुनी गाडी. वय पंचविशीच्या पुढचं, पण पत्रा जाड होता आणि इंजिनाचा आवाज निरोगी. चालवत आली होती ती जनावरांची डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर गाईगुरं तपासायला जावं लागतं म्हणून तिने तीन महिन्यांपूर्वी ही गाडी लिलावात घेतली होती. आधीच्या मालकाबद्दल तिला काही ठाऊक नव्हतं.

"चढावर, चिखलात एकदम शहाण्यासारखी चालते," डॉक्टर म्हणाली. "पण हायवेवर काटा ब्याण्णववर गेला की थरथरायला लागते. पंच्याऐंशीवर आणली की गप्प."

"स्टेअरिंग थरथरतं की सीट?"

"सगळंच. दोन ठिकाणी दाखवून झाली. टायर बदलले, शाफ्ट बदलला. शेवटचा म्हणाला, जुनी गाडी आहे, सवय करून घ्या."

मिस्त्रीला हसू आलं. 'सवय करून घ्या' हे त्याच्या धंद्यात हात टेकल्याचं सभ्य नाव होतं. आसपासचे लोक त्याला नाडीवाला म्हणत. चालत्या इंजिनावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचं, अशी त्याची रीत. त्यात जादूटोणा काही नव्हता. गाडी थरथरते ती चारच कारणांनी, असं तो सांगायचा: काहीतरी वाकलंय, झिजलंय, ढिलं झालंय, नाहीतर एका अंगाला जड झालंय. तीस वर्षांत पाचवं कारण त्याला भेटलं नव्हतं.

गॅरेजमध्ये तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आईवडील लवकर गेले तेव्हा ही सोळा वर्षांची होती आणि हा दहाचा. तिने त्याला वाढवलं, एका मेकॅनिककडे चिकटवलं, आणि त्याच्या आधी स्वतः गाडी शिकली. दोघांचीही लग्नं राहून गेली आणि त्याबद्दल दोघांनी कधी अवाक्षर काढलं नाही. चाकं बॅलन्स करायचं मशीन तिचं आणि रस्त्यावरची चाचणीही तिचीच. ताईच्या हातात स्टेअरिंग असलं की रस्तासुद्धा नीट वागतो, असं तो गमतीने म्हणायचा.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला दोघं गाडी घेऊन हायवेवर गेले. ताई चालवत होती, तो शेजारी. ऊन स्वच्छ होतं, रस्ता सुतासारखा सरळ. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. काही नाही. काटा ब्याण्णववर टेकला आणि पायाखालच्या पत्र्यातून थरथर वर आली.

मिस्त्रीने डॅशबोर्डवर तळहात ठेवला. मग मागे वाकून पाहिलं. थरथर मागच्या डाव्या अंगाकडून येत होती. पण तिची चाल त्याला खटकली. चाकाची खोट असली की थरथर शिलाई मशीनसारखी एका तालात येते. ही तशी नव्हती. मध्येच थांबायची, श्वास अडकावा तशी, आणि मग घाईघाईने पुन्हा सुरू व्हायची.

"सांध्यात खोट असणार," तो म्हणाला.

ताईने आरशात मागे पाहिलं. तिने वेग कमी केला.

पुढचे दोन दिवस त्याने गाडीचं हाड न् हाड तपासलं. मागची चाकं पुढे घातली, पुढची मागे. ताईने चारही चाकं मशीनवर चढवली. एका ग्रॅमचाही फरक नव्हता. बेअरिंग पाहिली, इंजिनाखालची रबरं बदलली, शाफ्ट काढून त्याचे दोन्ही सांधे नवे घातले. मग गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून चाकं हवेत ठेवली आणि शंभरच्या वेगाने फिरवली. बॉनेटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता. पाण्यावर सुरकुतीही उठली नाही.

रस्त्यावर नेली, आणि ब्याण्णवला पुन्हा तेच.

चौथ्या दिवशी त्याने ताईला मागे बसवलं. "तू उजवीकडे बस आणि डावीकडून आवाज नेमका कुठून येतो ते ऐक," तो म्हणाला आणि स्वतः चालवायला बसला. ब्याण्णव. पंच्याण्णव. शंभर. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी गेली. त्याने एकशेपाचवर नेली, तरी शांत.

"वजन," तो खूश होऊन म्हणाला. "मागं वजन पडलं की थांबते. म्हणजे स्प्रिंगांत गोम आहे. काय ऐकलंस?"

ताई आपल्या डाव्या हाताकडे बघत होती.

"हात धरला की थांबतं," ती म्हणाली.

"कशाचा? दाराचा?"

"असेल," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

त्याने ते मनावर घेतलं नाही. दुपारी त्याने वाळूचं पोतं ताईच्या वजनाबरहुकूम भरलं, ती बसली होती तिथेच दोरीने बांधलं आणि एकटाच निघाला. ब्याण्णवला गाडी अशी हादरली की त्याचे दात वाजले. दोन पोती घातली. तरी तेच. पोत्याने भागत नव्हतं. माणूस लागत होता.

त्या रात्री जेवताना ताईने विचारलं, "ती गाडी देऊन टाकायची घाई आहे का रे?"

"चार दिवस झाले. डॉक्टरांचा खोळंबा होतोय."

"हं," ती म्हणाली, आणि अर्धी पोळी तशीच ठेवून उठली. ताईने पानात अन्न टाकलेलं त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

सकाळी तो म्हणाला, "आज मी मागं बसतो. तू चालव."

ताईने किल्ली घेतली. बराच वेळ ती हातातच धरून उभी राहिली. "बस," ती म्हणाली, "पण घाबरू नकोस. तू घाबरलास की त्याला कळतं."

"कुणाला?"

ती गाडीत जाऊन बसली होती.

तो मागे उजवीकडे बसला. डावी सीट रिकामी होती. जुनं, मऊ पडलेलं रेक्झिन, एका कडेला टाका उसवलेला. काच खाली होती, वारा येत होता, शेजारून मालाचे ट्रक मागे पडत होते. या सगळ्यात भिण्यासारखं काही नव्हतं, हे त्याने स्वतःला दोनदा बजावलं. ऐंशी. नव्वद.

ब्याण्णव.

थरथर सुरू झाली आणि या वेळी त्याला ती डोळ्यांनी दिसली. पुढची सीट स्थिर होती. दाराची कडी स्थिर होती. थरथरत होती ती फक्त शेजारची रिकामी सीट. पत्रा, काचा, स्टेअरिंग यांच्यापर्यंत जे पोचत होतं ते तिथून पाझरत होतं.

सवयीने त्याने तळहात त्या सीटवर ठेवला आणि डोळे मिटले.

लोखंड कसं हादरतं ते त्याला ठाऊक होतं. हे लोखंड नव्हतं. रेक्झिन उबदार होतं. थरथर येत होती, अडकत होती, पुन्हा येत होती. ताप चढलेल्याला भरतं तसं कापरं. नाही, तेही नाही. लहानपणी, आईला नेलं त्या दिवशी, ताईला बिलगून बसलेला तो स्वतः असाच कापत होता.

भीतीचं कापरं होतं ते.

मग त्याच्या दोन बोटांभोवती काहीतरी आवळलं गेलं. लहान होतं. गार होतं. आणि पकड घट्ट होती.

त्याने डोळे उघडले. सीटवर त्याचा स्वतःचा हात होता. दुसरं काही नव्हतं. दोन बोटांची टोकं रक्त अडल्यासारखी पांढरी पडली होती.

"ताई," तो म्हणाला.

तिने मागे पाहिलं नाही. "सोडवू नकोस," ती म्हणाली. "सोडवलास की जास्त घाबरतं."

त्याने हात हिसडला.

गाडी एका बाजूला फेकली गेली. काचा खडखडल्या, दारं आतून कुणी ढकलावं तशी हादरली. मागच्या ट्रकने हॉर्न दाबून धरला. ताईने दोन्ही हातांनी स्टेअरिंग पेललं, वेग उतरवत आणला आणि गाडी कडेच्या मातीत उभी केली. किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

वारा थांबला. चाकं थांबली.

डावी सीट थरथरत होती.

बंद गाडीत, भर उन्हात, रेक्झिनचा उसवलेला टाका सारखा हलत होता. मिस्त्री दार उघडून बाहेर पडला, तो जवळजवळ पडलाच. चार पावलांवर जाऊन उभा राहिला.

ताई उतरली, मागचं दार उघडून तो बसला होता त्या जागी बसली आणि दार लावून घेतलं. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते. शब्द ऐकू येत नव्हते. पाच मिनिटं गेली असतील, दहा असतील. मग तिने त्याला हाताने खूण केली, चल. परत येताना त्यानेच गाडी चालवली, पन्नासच्या वर नेली नाही आणि आरशात एकदाही पाहिलं नाही.

दुपारी तो जेवायला बोलवायला गेला तर ताई बॅलन्सिंगच्या मशीनपाशी नव्हती. ती उभ्या गाडीत मागच्या सीटवर बसली होती, डावा हात शेजारी टाकून.

"ताई, उतर," तो म्हणाला.

"तू जेवून घे."

"हे काय आहे, सांगशील?"

"मला काय माहीत," ती शांतपणे म्हणाली. "घाबरलेलं आहे, एवढं कळतं. तूही असाच होतास."

सहा वर्षांनी मोठी असलेली ही बाई त्याच्या घरातलं एकुलतं एक माणूस होती आणि आत्ता ती त्याच्याकडे बघून बोलतसुद्धा नव्हती. तो तसाच फोनकडे गेला आणि डॉक्टरला म्हणाला, "गाडी घेऊन जा. काम झालं."

डॉक्टर दुसऱ्या सकाळी आली. "काय निघालं शेवटी?"

"सांध्यात बारीक खोट होती," मिस्त्री म्हणाला. तीस वर्षांत गाडीबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला. तिला खरं सांगावं असं एकदा ओठांवर आलं. पण सांगितलं तर गाडी इथेच राहिली असती आणि ताई गाडीत. त्याने जीभ आवरली.

डॉक्टर बसली. तेवढ्यात ताई पुढे झाली. "जरा थांबा हं," म्हणाली, मागचं डावं दार उघडलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं आणि हळूच लावलं. "आता जा."

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा मिस्त्रीच्या छातीवरचं ओझं उतरलं. दोन दिवसांनी डॉक्टरचा फोन आला. एकशेदहापर्यंत नेली, पण गाडी जराही हलली नाही. "तुमच्या हाताला यश आहे बरं का, मिस्त्री," ती म्हणाली. तो बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र त्याने ताई कुठे आहे ते वळून पाहिलं.

रविवारी दोघं आपल्या छोट्या गाडीतून मावशीला भेटायला निघाले. ताई नेहमी पुढे बसायची. आज तिने मागचं दार उघडलं. आधी डावीकडचं; ते लावून मग फेरा घालून उजवीकडचं.

"पुढं ये की," तो म्हणाला.

"राहू दे. तू सावकाश चालव."

त्याने वेग साठावर ठेवला. हायवे लागला तरी साठच. लोक हॉर्न वाजवत पुढे जात होते. अर्ध्या तासाने त्याच्याने राहवेना.

"ताई, ते तिथंच राहिलं ना? त्या गाडीत?"

"हळू बोल," मागून ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

त्याने आरशात पाहिलं. ताईचा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर उताणा पडला होता. त्या सीटचा पट्टा लावलेला होता. तो पाठीला टेकला नव्हता. वीतभर पुढे, हवेत, अलगद ताणलेला होता, आणि संथपणे वर-खाली होत होता.