तीन नंबरची खंडेनवमी

जोतीरामअण्णांनी टेबलावर वर्तमानपत्राची पुरचुंडी सोडली. आत द्राक्षाचे पाच-सहा कोवळे घड होते, करपून तपकिरी झालेले.

"दावण्या रोग," ते म्हणाले. "तासगावला मेसेज गेला, मिरजेला गेला. त्यांनी येळेवर फवारलं. आमच्या जतच्या चौदा गावांस्नी एक अक्षर न्हाई. का बरं, बाई?"

याचं उत्तर शोधायलाच शिवांजलीला साताऱ्याहून सांगलीला तातडीनं बोलावलं होतं. बागायतदार संघाच्या या कचेरीत संगणकाची पाच मशीन जोडून हवामानाचा क्लस्टर उभा केला तो तिनंच, दोन वर्षांपूर्वी. गावोगावच्या केंद्रांवरून पाऊस-ओलीचे आकडे इथं येत, आणि रोगाचा धोका दिसला की तीन नंबरचं मशीन बागायतदारांना मेसेज धाडी. कुठल्या मशीननं काय करायचं, कुठल्या गावांना मेसेज धाडायचा, हे पाचांनाही एक टूल, म्हणजे देखरेखीचा प्रोग्राम, सांगत असे.

अध्यक्ष उदयसिंहदादा दारातूनच बोलले. "पाचला सभा हाय. जतची माणसं म्हणत्यात, संघानं आमची गावं मुद्दाम काढली. कुणी केलं त्याचं नाव मला पायजे. खरं सांगू? मशीनच्या खोलीची किल्ली केरबाकडं असती. माझा तर त्याच्यावरच वहीम हाय."

केरबा संघाचा शिपाई. अकरा वर्षं रोजंदारीवर काढल्यावर यंदा दिवाळीपासून त्याला कायम करायचं ठरलं होतं. तो कोपऱ्यात ग्लास पुसत होता. पुसून झालेले ग्लास तो पुन्हा पुसत होता, हे शिवांजलीनं टिपून ठेवलं.

मशीनच्या खोलीत भरतेश चौगुले वाट बघत होता. रोजची देखभाल त्याच्याकडं. त्याच्या डोक्यामागं कपाटावर एक पिवळी चिठ्ठी डकवलेली होती, शिवांजलीच्याच अक्षरातली: 'मशीनच्या फाइलला हात लावू नये. जे सांगायचं ते टूलला सांगावं.'

"जतची गावं कुणी काढली, भरतेश?"

"तेच कळंना, मॅडम. टूलमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते. मी दोनदा चाळलं. जत काढल्याची नोंदच नाही."

"आणि घातल्याची?"

भरतेश चाचरला. "ती पण नाही. ज्यानं केलं त्यानं दोन्ही पुसल्या असणार."

"त्या नोंदी कुणालाच पुसता येत नाहीत. तुलाही नाही, मलाही नाही."

"मग गेलं वर्षभर जतला मेसेज जात कसे होते?"

शिवांजलीनं पडद्यावर दुसरा तक्ता उघडला. चार मशीन चारशेहून जास्त दिवस अखंड चालू होती. तीन नंबर फक्त सोळा दिवस.

"सोळा दिवसांपूर्वी काय होतं?"

"खंडेनवमी. कचेरी बंद होती."

"लाइट गेली होती?"

"गेली तरी बॅटरी आहे. आणि बंद पडली असती तर पाचही पडली असती."

ती वाकली. तीन नंबरच्या मागच्या कडेला हळदीचं बोट उमटलेलं होतं. खाली फटीत झेंडूची वाळकी पाकळी अडकली होती.

तिनं केरबाला आत बोलावलं. "मामा, खंडेनवमीला या खोलीत आला होता?"

"न्हाई ताई."

"मग ही हळद कुणाची?"

केरबानं हळदीकडं पाहिलं आणि त्याचे खांदेच पडले. "माझी. हत्यारं त्या दिशी थांबवून पुजायची असत्यात. ह्ये तीन नंबर सगळ्यांत जास्त राबतंय, सारखं घरघरतंय. म्हनलं वर्सातनं एकदा तरी इसावा द्यावा. पंधरा मिंटं बंद केलं, हळदकुंकू वाहिलं, परत चालू केलं. त्याला दुसरं कायबी केलं न्हाई. पर आठवड्यानं जतचं कानावर आलं आन् मला वाटलं, आपल्याच हातनं झालं. बोलायचा धीर झाला न्हाई."

"सापडला की!" दारातून उदयसिंहदादा म्हणाले. "लिवा नाव."

शिवांजलीनं मान हलवली. एरवी मशीन बंद करून चालू केल्यानं गावं पुसली जात नाहीत. पुसली जायची एकच रीत होती. ती आठवताच तिनं सगळ्यांना चहाला पिटाळलं.

मशीन सुरू होताना टूल त्यातली जुनी फाइल बाजूला ठेवतं. तिनं ती उघडली. जतची चौदाही गावं ओळीनं होती. शेवटचा बदल: गेल्या वर्षी, दिवाळीआधीचा शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. पुढं नाव होतं. ते तिनं दोनदा वाचलं.

ही फाइल मात्र एका बोटानं पुसता आली असती. खोलीत कुणी नव्हतं. बाहेर केरबा आपलं नाव लिहू द्यायलाही तयार बसला होता. शिवांजलीला स्वतःची शरम वाटली, कारण बोट खरोखरच पुसायच्या कळीपाशी गेलं होतं.

पाच वाजता सभेत ती उभी राहिली.

"गावं कुणी काढलेली नाहीत," ती म्हणाली. "ती टूलमध्ये कधी घातलीच नव्हती. म्हणून काढल्याची नोंद नाही, घातल्याचीही नाही. कुणीतरी घाईत थेट तीन नंबरच्या फाइलमध्ये ती हातानं लिहिली. अंगणात रांगोळी काढावी तशी. पुन्हा सारवेपर्यंत ती राहते. मशीन बंद करून चालू केलं की टूल आपली मूळ प्रत त्यावर लिहितं, ते सारवण. वर्षभर मशीन बंदच झालं नाही, म्हणून वर्षभर मेसेज गेले. केरबामामांनी पूजा केली नसती तरी कधी ना कधी हे होणारच होतं."

"मग हातानं लिवलं कुणी?" जोतीरामअण्णांनी विचारलं.

"मी."

ती अण्णांकडं वळली.

"त्या शुक्रवारी माझी मुलगी साक्षी पाचगणीच्या शाळेत माझी वाट बघत होती, सुट्टीला तिला घरी आणायचं होतं. टूलमधून चौदा गावं घालायला तासभर लागतो, फाइलमध्ये पाच मिनिटं. सोमवारी नीट करू म्हटलं आणि विसरले. फाइलला हात लावू नये, ही मशीनच्या खोलीतल्या कपाटावरची चिठ्ठी माझी आहे, अण्णा. सगळ्यांना शिकवलं मी, आणि मोडलंही मीच. कागदावर माझं नाव लिहा."

उदयसिंहदादांनी कागद पुढं ओढला, पण लिहिलं काही नाही.

केरबा मागं भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, मग माझ्या पंधरा मिंटाची कायबी चूक न्हवती?"

"नव्हती, मामा."

"व्हय," तो म्हणाला. "आन् मी इतकं दिस त्या खोलीत पाय टाकायला भीत हुतो. तरीबी दोनदा आत जाऊन त्या मशीनची माफी मागून आलो."

शिवांजलीला त्याच्याकडं बघवेना. तिनं टेबलावरची पुरचुंडी उचलली, करपलेले घड नीट गुंडाळले आणि जोतीरामअण्णांना विचारलं, "जतची गाडी किती वाजता आहे? चौदाही गावांत मला स्वतः जाऊन हे सांगायचंय."