एक्केचाळिसावं पाकीट

पुढे मोठी संशोधक म्हणून नावाजलेली टोव्ह त्या दिवशी ऑर्हूसहून कोपनहेगनला निघालेल्या बोटीवर नुसती कुडकुडत उभी होती. वारा असा सुटला की तिची टोपी उडाली, ती थेट एका उंच तरुणाच्या कॉफीत!

"साखर नको म्हणालो होतो," तो म्हणाला, "टोपीचं सांगायचं राहिलं."

टोव्ह खुदकन हसली. मग काय, गप्पा अशा रंगल्या... अनोळखी माणूस म्हणून तिनं मनातलंही सांगून टाकलं. तिची आई मनोरुग्णालयातच वारली होती.

"मी लग्न नाही करणार. ते दुखणं माझ्या रक्तात असलं तर? मुलांत उतरलं तर?"

आपला मफलर काढून त्यानं तिच्या गळ्यात घातला.

सोमवारी ती कोपनहेगनच्या संशोधन संस्थेत रुजू झाली, तेव्हा प्राध्यापकांनी ओळख करून दिली, "हे डॉक्टर आस्गर." अगं बाई! हा तर तोच!

प्राध्यापक काम समजावू लागले, "तंतोतंत सारख्या जुळ्यांच्या चाळीस जोड्या. प्रत्येक जोडीत एकजण तरी मनोरुग्ण. एक भावंड यांनी तपासायचं, दुसरं तुम्ही. प्रत्येक जोडीची निदानं एका पाकिटात बंद! एकाचं ऐकून दुसऱ्याचं मत बिघडायला नको. तेव्हा काम संपेपर्यंत एकमेकांशी अवाक्षर नाही."

दोन वर्षं! उपाहारगृहात टोव्ह टोपी घालून जवळून गेली की आस्गर गंभीर चेहऱ्यानं कपावर हात धरायचा. तिला हसू आवरायचं नाही. मफलर तिनं जूनच्या उन्हातसुद्धा सोडला नाही.

अखेर दोघांनी समोरासमोर बसून पाकिटं उघडली. बावीस जोड्यांत दुसरं भावंड ठणठणीत. रक्त एकच, तरीही! पण अठरा जोड्यांत... दोघंही आजारी. टोव्हचा धीर पुन्हा खचला.

तळाशी एक्केचाळिसावं पाकीट होतं. त्यावर तारीख त्या पहिल्या सोमवारची.

'आकडा काय येईल, ठाऊक नाही. येईल तो येवो. माझ्याशी लग्न कराल? — आस्गर.'

"नियम मोडलात तुम्ही!" तिचे डोळे भरून आले.

"एक शब्द तरी बोललो का? आणि निकाल न बघताच लिहिलंय... आपल्याच पद्धतीनं."

"भीती अजून आहे हो मला."

"असू दे. दोघं मिळून भिऊ."

टोव्हनं डोक्यावरची टोपी काढली. आस्गरनं या वेळी समोरचा कॉफीचा कप झाकला नाही.

"हो," ती म्हणाली आणि टोपी सरळ त्याच्या कॉफीत टाकली.