पिकअपमधला तिसरा

देवदत्तला तुम्ही पाहिलेलं नाही. आखातात, मुसफ्फ्यात माझ्या गाळ्याला लागूनच त्याचं केटरिंग होतं. माणूस भित्रा नव्हे, थापाड्या तर नव्हेच. त्याने सांगितलं तसं सांगतो. मधे बोलू नका.

१९ नोव्हेंबर १९९८. गुरुवार, कार्तिकातली अमावास्या. वाळवंटातल्या एका लेबर कॅम्पवर जेवण पोचवायचं होतं. पिकअप कमरुद्दीन चालवत होता. शेजारी देवदत्त, मांडीवर रेडिओ स्कॅनर. लष्करी विमानांचे पायलट काय बोलतात, ते चोरून ऐकायचा त्याला भारी नाद.

"सेठ, वो बंद करो. पुलिस ने पकड़ा तो खलास," कमरुद्दीन म्हणाला.

"यहाँ कौन आता है?" देवदत्त हसला.

त्या रात्री दोन पायलट सरावाला वर होते. उंची, दिशा, तुटक इंग्रजी. मग दोघंही उतरले आणि स्कॅनर गप्प झाला.

गाडी कच्च्या रस्त्याला लागली, तेव्हा पुन्हा खरखर. तिसराच आवाज. इंग्रजीच, पण सावकाश... दमलेला.

"खाली पांढरी पिकअप दिसतेय."

देवदत्तने काच उतरवून वर पाहिलं. ना दिवा, ना घरघर. नुसत्या चांदण्या.

"बत्ती बंद करो," तो कुजबुजला.

कमरुद्दीनने केली.

"दिवे विझवले," आवाज म्हणाला. "पुढे दोघं. मागे एक."

मागे फक्त जेवणाच्या डेगा होत्या.

कमरुद्दीनने ब्रेक दाबला. टॉर्च घेऊन तो मागे गेला. देवदत्त एकटा. अंधार.

"मागे दोघं," आवाज म्हणाला.

मग...

"एक उठतोय."

देवदत्तने हॉर्न दाबून धरला. "कमरुद्दीन! अंदर आओ! यल्ला!"

तो धावत आला. दार आपटलं. गाडी सुटली.

"कौन था?"

"कोई नहीं, सेठ." त्याने आरसा फिरवून टाकला. "लेकिन किसी ने मेरा नाम पूछा. मैंने नहीं बताया."

नाव देवदत्तनेच ओरडून सांगितलं होतं...

स्कॅनर खरखरला. अगदी हळू.

"कमरुद्दीन..."

देवदत्तने स्कॅनर खिडकीतून भिरकावला. आठवड्यात कमरुद्दीन कायमचा घरी गेला. तो ठीक आहे म्हणतात.

त्या रात्री कॅम्पवर डेगा उतरवल्या, एकीचंही झाकण हललेलं नव्हतं. पण पिकअपच्या हौद्यात, डेगा होत्या तिथे मधोमध, माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा ओलीचिंब. देवदत्तने बोट लावून चाखलं. खारं. समुद्राचं पाणी, भर वाळवंटात.

तिथला पत्रा गंजला. देवदत्तने तीनदा रंग लावून घेतला.

तेवढीच जागा पुन्हा गंजते.