दुसऱ्या माळ्यावरची चप्पल

हितेंद्र मंडळाच्या खोलीत गेला होता ताशाच्या काड्या शोधायला. सापडली मृणालिनी.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत, मंडळाच्या त्या खोलीत काय सापडेल याचा नेम नाही. एकदा जुन्या मखरात मांजरीची पिल्लं सापडली आणि ती सगळी आरतीच्या ठेक्यावर शेपट्या हलवत होती. मी स्वतः पाहिलंय, खोटं कशाला सांगू? पण पांढऱ्या कुर्त्यातली, कपाळावर चिकटलेली बट फुंकरीने उडवणारी मुलगी तिथे आजवर सापडली नव्हती.

"बसा. हात द्या," ती म्हणाली.

"अहो, मी… काड्या…"

"काढा-बिढा नंतर. आधी प्रेशर."

दंडाला पट्टा गुंडाळला गेला. यंत्र गुरगुरलं. तिची बोटं मनगटाला जेमतेम लागली असतील…

"एकशे बावन्न? या वयात?"

"सकाळपर्यंत बरा होतो हो…"

"बोलू नका. बोललं की वाढतं."

बाहेर अर्ध्या बांधलेल्या मंडपाच्या ताडपत्रीवर श्रावणसर टपटपत होती. तिने परत मोजलं. आकडा जागचा हलेना.

"तुम्ही बघताय कुठे?"

"समोर."

"समोर मी आहे. भिंतीकडे बघा."

भिंतीवर आमच्या माजी अध्यक्षांचा फोटो. प्रेशर एकशे अठरावर उतरलं! मृणालिनीने ओठ दाबून हसू गिळलं, पण गालावरची खळी काही तिला आवरली नाही.

तर ही मृणालिनी अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतली. एका संस्थेने गिरणगावातल्या चाळी तपासणीसाठी धरल्या होत्या, तिथलीच ती कार्यकर्ती. हार्ट अटॅक आल्यावर टॅक्सीमागे धावायचं, त्यापेक्षा तो येऊच नये म्हणून आधी दारोदार प्रेशर आणि साखर बघायची, मीठ-तंबाखू कमी करायला लावायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपुढे उभं करायचं. बायका आल्या, अगदी रांग लावून. पुरुष मात्र 'आपल्याला काय धाड भरलीय' म्हणत गॅलरीत बनियनवर उभे. आणि त्या सगळ्यांचा पुढारी कोण? कुशाबा. हितेंद्रचा बाप.

कुशाबा एकेकाळी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होता. साच्यांच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज असा कमावलेला की मालवणीत देवापुढे गाऱ्हाणं घालायला लागला, की लालबागच्या सिग्नलला थांबलेले टॅक्सीवालेसुद्धा काच खाली करून 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. आणि मीठ? सुक्या बांगड्यावर तो वरून मीठ घ्यायचा! त्याचं ताट बघून गिरगाव चौपाटीचा समुद्र कमीपणा वाटून मागे सरायचा. लोक त्याला ओहोटी म्हणतात.

"मुरणालिनी!" कुशाबा तिला ऐकवायचा. "नावात मुरणं आणि लोणचं बंद कर म्हणते!"

हितेंद्र मात्र दर रविवारी शिबिरात टेबलं मांडायला हजर. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"परत प्रेशर बघायचंय?" ती विचारायची.

"बघून घे ना. खात्री असलेली बरी."

"भिंतीकडे बघणार असशील तर."

"मग राहू दे."

एका रविवारी मात्र ती हसली नाही.

"हितेंद्र, तुझ्या बाबांची चप्पल रोज दुसऱ्या माळ्यावरच का निसटते रे?"

"म्हणजे?"

"घरी तिसऱ्या माळ्यावर चढताना तिथे येऊन वाकतात. पट्टा ओढतात. मी मागून बघितलं… पट्टा घट्टच असतो. श्वास नसतो."

हितेंद्रचा चेहरा उतरला. बाप रोज डोळ्यांदेखत वाकत होता आणि हा त्याला 'नवी चप्पल आणू का' विचारत होता!

"चल म्हटलं तर येणार नाहीत," तो म्हणाला. "मला माहितेय ना त्यांचा हट्ट."

ती बट फुंकत विचार करत राहिली. मग म्हणाली, "पण गाऱ्हाण्याला व्हय म्हटलं की माघार नसते ना?"

"तुला गं काय ठाऊक?"

"आजोळ कुडाळचं आहे माझं. गाऱ्हाण्यात कोणी गप्प राहिलं तर आजोबा परत पहिल्यापासून सुरू करायचे. आम्ही पोरं भुकेली! अशी सवय लागली की अजूनही ऐकायच्या आधीच तोंडातून 'व्हय म्हाराजा' निघतं."

गणपती बसले, आणि मंडपाच्या कोपऱ्यात मृणालिनीचं टेबलही. कुशाबा गाऱ्हाण्याला उभा राहिला आणि तिसऱ्या वाक्यालाच धाप लागून थांबला. "घसो बसलो," असं म्हणत त्याने नारळ मुलाच्या हातात दिला.

हितेंद्रने नारळ वर धरला. "बा देवा म्हाराजा! ही सगळी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चाळीत कोणाक जिन्यार धाप लागता आणि तो चपलेचो पट्टो ओढूचा सोंग करता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज घसा बसलेल्या कुशाबाचा. सवय, दुसरं काय!

"तेचो हात आज, आत्ता, त्या पोरीच्या यंत्रात जाऊंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हा…"

कुशाबाचं तोंड उघडंच राहिलं. पण शब्द देवापुढे पडला होता. तो मुकाट टेबलाशी गेला. आकडा बघून मृणालिनीने लगेच डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहिली, आणि दुसऱ्याच दिवशी हितेंद्रने बापाला डॉक्टरकडे नेलं. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. पुढारीच गेल्यावर बाकीचे बनियनवाले काय करणार? पुढच्या रविवारी रांग नाक्यापर्यंत. गर्दी बघून दोन परगावचे भाविक नवसाची रांग समजून उभे राहिले आणि प्रेशर तपासून गेले.

गोळ्या सुरू झाल्या. बांगड्यावरचं मीठ गेलं, तंबाखूची डबी गेली. कुशाबा कुरकुरत का होईना, रोज सकाळी चालायला लागला.

बघता बघता माघी गणपती आले आणि मृणालिनीचं आमच्याकडचं काम संपत आलं. सोमवारपासून ती लोअर परळच्या चाळींत जाणार होती. हितेंद्र तिच्याभोवती तीन दिवस घुटमळला. "एक सांगायचं होतं…" म्हणायचा आणि "टेबल कुठे ठेवू?" विचारायचा.

आरती झाली. कुशाबा गाऱ्हाण्याला उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला…

"बा देवा म्हाराजा! ह्या पोरीन आमच्या ताटातला मीठ काढल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण जिन्यार हरवलेलो माझो श्वास परत आणून दिल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझो झील हितेंद्र मात्र मूग गिळून बसलो हा. तिना अख्ख्या चाळीचो हात धरल्यान, आता ह्या एकाचो कायमचो धरूंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर, खणखणीत आवाज… मृणालिनीचा!

मंडप खदखदून हसला. ती लालबुंद. "माझी बॅग… वर राहिलीय," असं पुटपुटत ती जिन्याकडे पळाली. हितेंद्र मागोमाग. दुसऱ्या माळ्यावर ती वाकलेली दिसली. चपलेचा पट्टा ओढत होती.

"धाप लागली?"

"छे! पट्टा निसटला."

"घट्ट दिसतोय."

ती सावकाश उभी राहिली. "ते… सवयीने निघालं हं माझ्या तोंडून."

"मग परत घे."

"देवापुढे बोललेलं परत घेता येत नाही." तिने बट फुंकली. "आणि… घ्यायचंही नाहीये. तुला काही बोलायचंय की भिंतीकडे बघू?"

"भिंतीकडे नको," हितेंद्र म्हणाला. "माझ्याकडे बघ. मला तू हवीयेस, मृणाल. टेबलं कुठेही असू देत."

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला. यंत्र नव्हतं म्हणून बरं, नाहीतर फुटलंच असतं!

तेवढ्यात खालून चपलांचा आवाज आला. कुशाबा वर येत होता. दोघांपाशी आला, पण थांबला नाही.

"पट्टो निसटलो वाटता," म्हणाला, आणि गालात हसत, एका दमात तिसऱ्या माळ्यावर निघून गेला.