कडक भाकरीचं गोडाऊन

सोलापूरच्या उन्हात कावळासुद्धा आपली सावली चोचीत धरून उडतो. खाली पडू दिली तर करपते. खोटं वाटत असेल तर एखाद्या दुपारी येऊन बघा. अशाच एका दुपारी विद्यापीठातल्या एका वर्गात, कुरकुरणाऱ्या एकुलत्या पंख्याखाली, धम्मप्रिया नावाच्या मुलीनं बिरुदेव नावाच्या मुलाकडं शेंगाचटणीची चाळीस पोती मागितली. ओळख ना पाळख.

एम.बी.ए.चा वर्ग होता आणि विषय सप्लाय चेन मॅनेजमेंट, म्हणजे माल जिथं तयार होतो तिथून जिथं लागतो तिथवर न्यायची विद्या. सिद्धलिंगप्पा सर ती खेळातून शिकवत. चौघं एकामागं एक बसायचे – दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. मागणी चिठ्ठीवर लिहून मागच्याला द्यायची आणि माल कधी येतो त्याची वाट बघायची. तोंड उघडायचं नाही, हा नियम. जागा सोडतीनं ठरल्या. कुर्डुवाडीहून येऊन वसतिगृहात राहणारी धम्मप्रिया वितरक झाली आणि सांगोल्याकडच्या मेंढरंवाल्याचा पोरगा बिरुदेव तिच्या पाठीमागं कारखाना.

दुकानात गिऱ्हाईक जरासं वाढलं. दुकानदार बिचकला, व्यापारी घाबरला, धम्मप्रियाची तर बोबडीच वळली. तिनं चाळीसचा आकडा लिहून चिठ्ठी मागं सरकवली. चिठ्ठी परत आली. खाली लिहिलं होतं – 'माल नाही. चहा चालेल का?'

तिनं वळून बघितलं. कानावर पेन्सिल खोचलेला, उन्हानं रापलेला पोरगा छताकडं बघत बसला होता, जणू पंखा त्याच्याच बापाचा. तिनं लिहिलं – 'चालेल. चाळीस कप.'

"बोललात?" सर वरून गरजले.

"नाही सर," बिरुदेव म्हणाला. "लिहिलं."

खेळ संपेपर्यंत तुंबलेला सगळा माल एकदम येऊन आदळला. कागदावर इतकी चटणी साठली की नदीत ओतली असती तर भीमा कर्नाटकापर्यंत लाल वाहिली असती आणि तिकडचे लोक भाकरी घेऊन काठावर येऊन बसले असते.

चहा झाला. मग रोज झाला. कँटीनच्या मागं एक कडुलिंब आहे, त्याच्या सावलीला दोनच माणसं बसतात, तीही जरा चिकटून…

"तू हा कोर्स का घेतलास?" तिनं एकदा विचारलं.

"आमची मेंढरं चाऱ्यामागं चालत जात्यात. मला वाटलं, चारा मेंढरांकडं आणता येतोय का बघावं." त्यानं तिच्या ओढणीवरचं लिंबाचं पान उचललं, टाकलं मात्र नाही. "आणि तू?"

"आण्णांमुळं. माझे वडील. ते गोडाऊन सांभाळतात. मला लहानपणी गाणी नाहीत, खोकी मोजून झोपवलंय त्यांनी."

"मग आता मला झोप आली तर?"

"तर मोज की. खोकी."

"मी दुसरंच काहीतरी मोजतो," तो म्हणाला, आणि काय ते विचारायचं धाडस तिला झालं नाही. चहा गार झाला… दोघांचाही.

दुसऱ्या वर्षी सरांनी दोघांना मिळून एकच प्रकल्प दिला. पुण्याची कुठली तरी कंपनी होती, साबण-बिस्किटं विकणारी. जिल्ह्या-जिल्ह्यात तिची गोडाऊनं होती, त्यांतलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं ते शोधायचं. कंपनीनं आपलं नाव सांगितलं नव्हतं, गावांची नावं झाकली होती, अंतरंसुद्धा कसल्याशा आकड्यानं गुणून पाठवली होती.

"नाव कळलं की माया लागते," सर म्हणाले. "माया लागली की हिशेब चुकतो."

नुसत्या नंबरांचा दोघांना कंटाळा आला. मग त्यांनी गोडाऊनांना खाण्याची नावं ठेवली. एक हुरडा, एक धपाटं, एक शेंगापोळी. जे सगळ्यात जुनं, सगळ्यात आडबाजूला आणि चालवायला सगळ्यात महाग, त्याचं नाव धम्मप्रियानं ठेवलं – कडक भाकरी.

"बिचारी," बिरुदेव म्हणाला. "हिला काढायची?"

"काढ. दातात अडकती."

कॉम्प्युटरनं क्षणभर विचार केला आणि हिशेब झकास जुळला. इतके दिवस जुळत नव्हता, तो एक भाकरी काढल्यावर जुळला. त्या दिवशी दोघांनी कँटीनमध्ये कडक भाकरी आणि दही खाऊन आनंद साजरा केला. त्यानं तिला भाकरी मोडून दिली. त्याच्या बोटांचा कुटका आणि तिच्या बोटांचा कुटका एकाच दह्यात बुडाला. कच्चा अहवाल पुण्याला गेला. पक्का सादर करायला अजून आठवडा होता.

त्याच आठवड्यात आण्णांचा फोन आला.

"धम्मा, पुन्याचं सायब आलतं. गोडाऊन बंद करायचं म्हनत्यात."

"का?"

"लांब पडतंय म्हनं. सोलापूरच्या कालेजातल्या कुनी पोरांनी हिशेब करून दिलाय. तुज्याच हितली असतील बघ. मला भेटायचंय त्यास्नी. बोलाव की."

"कशाला, आण्णा?"

"हाय काम."

ती कडुलिंबाखाली उभी होती. फोन बंद झाला तरी कानाला तसाच धरून राहिली. बिरुदेव दोन कप घेऊन आला, तिचं तोंड बघितलं आणि कप खाली ठेवले.

दोघं सरांकडं गेले. सरांनी खूप वेळ चष्मा पुसला. "सगळी नावं सांगता येणार नाहीत मला," ते म्हणाले. "एकच सांगतो. कडक भाकरी कुर्डुवाडीला आहे."

लॅबमध्ये बिरुदेवनं हिशेब पुन्हा उघडला. भाडं बदलून बघितलं, डिझेल बदललं, रस्ते बदलले. सगळ्या बाजूंनी भाकरीच बाहेर. हिशेब खरा होता, तेच वाईट होतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "एक आकडा मी खोटा घालतो. कुणाला कळणार न्हाय."

त्यानं घातला. कडक भाकरी जिवंत झाली. आणि शेजारचं धपाटं लाल झालं, यादीतून गेलं.

धम्मप्रियानं त्याच्या हातावर हात ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. आणि तो थांबवण्यासाठी.

"धपाटं कुठलंय?"

"ठाऊक न्हाय."

"तिथंबी कुणीतरी रोज सकाळी कुलूप उघडत असेल की."

"तू नक्की कुणाच्या बाजूची?"

"आण्णांच्या," ती म्हणाली. "म्हणून तर… खोट्या आकड्यावर त्यांना उभं करू नको रे."

खोटा आकडा पुसला गेला. हात मात्र तिथंच राहिला, पडदा विझून काळा झाला तरी. प्रेम म्हणतात ते बहुतेक तिथंच बसलं, त्या काळ्या पडद्यासमोर. पण बोलणार कोण? आणि आण्णांच्या गोडाऊनवर पाय देऊन कसलं प्रेम?

पक्का अहवाल सादर झाला. कंपनीच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. धम्मप्रियाला वाटलं, आपल्याच थोबाडीत वाजतायत.

गोडाऊन रिकामं करायच्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं निघाली. बिरुदेव न विचारता शेजारी येऊन बसला. ती गाडी इतकी रमतगमत जाते की वाटेत पेरलेली ज्वारी गाडी पोचेस्तोवर कापणीला येते. पण त्या दिवशी मेली वाऱ्यासारखी पळाली.

"तू कशाला येतोयस?"

"निम्मा हिशेब माझा हाय."

"ते मारतील तुला."

"निम्मं," तो म्हणाला. ती हसली नाही. पण खिडकीतून येणारं ऊन त्याच्या डोळ्यांवर पडत होतं, तिथं तिनं आपली ओढणी आडवी धरली.

गोडाऊनच्या दारात शेवटचा ट्रक भरत होता. सयाजीआण्णा कंबरेवर हात ठेवून उभे होते. लेकीला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस व्हय? ती पोरं आनलीस?"

"आणलीत."

आण्णांनी तिच्या खांद्यावरून मागं बघितलं, रस्त्याकडं. रस्ता रिकामा होता. "कुटं हायत?"

"आण्णा… आमीच. मी आणि हा."

ट्रकवाल्यानं फळकं लावलं, साखळी खणकली. आण्णांनी लेकीकडं बघितलं, मग त्या पोराकडं, मग परत लेकीकडं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नावं झाकली होती," ती रडत म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं, आण्णा."

"चला," ते म्हणाले. "आत चला."

आत रिकाम्या जागेत पावलं घुमत होती. आण्णा पुढं, ही दोघं मागं. "हितं पत्रा गळतोय. हितं बिस्कीट कदी ठिवलं न्हाय. हितं तुज्या आयनं तुला साबनाच्या खोक्यांवर निजवली, पंदरा दिवस तुला साबनाचा वास येत हुता. ह्या मांजरीचं काय करायचं ते ठरलं न्हाय अजून." भिंतीशी ते थांबले. "एवढंच काम हुतं. बंद करनाऱ्यानं एकदा बघावं, म्हनून बोलावलं हुतं."

मांजर बिरुदेवच्या पायात घोटाळलं.

"आनि तू कशापायी आलास?" आण्णांनी त्याला विचारलं.

"तिला एकटीला सांगायला लागू नये म्हणून."

"एवढंच?"

बिरुदेवनं मान खाली घातली. मग वर केली. "न्हाय. एवढंच न्हाय."

धम्मप्रियानं वळून त्याच्याकडं बघितलं. कडुलिंबाखाली जे कधी बोलला नाही, ते हा इथं बोलत होता – रिकाम्या गोडाऊनात, तिच्या बापासमोर.

"कुनाचा तू?"

"सांगोल्याकडचा. मेंढरंवाल्यांचा."

"आमी कोन, ते तुज्या घरी ठावं हाय?"

"अजून न्हाय."

"म्हंजी एक गोडाऊन बंद करून तुजं भागलं न्हाय," आण्णा म्हणाले. "आता सोताचं घरबी बंद करनार."

त्यांनी शटर ओढलं, कुलूप घातलं, एकदा हिसडून बघितलं, आत चोरण्यासारखं काही नसताना. मग नाक्यावरच्या टपरीकडं चालू लागले. "दोन चहा," त्यांनी सांगितलं. दोनच. एक स्वतःला, एक लेकीला. बिरुदेव बाकड्यापासून हातभर लांब उभा राहिला, मांजर काखेत घेऊन.

धम्मप्रियानं आपला चहा निम्मा बशीत ओतला. बशी स्वतःपुढं ठेवली आणि कप त्याच्याकडं सरकवला. बापाच्या डोळ्यांदेखत. तिनं हात मागं घेतला नाही.

आण्णांनी बघितलं. आपला चहा प्याले. मग रस्त्याकडं बघतच विचारलं, "नाव काय ठिवलं हुतंस गोडाऊनाचं?"

"कडक भाकरी."

"हम्." त्यांनी कप खाली ठेवला. "टिकती ती. पर खायाला दात लागत्यात." मग पहिल्यांदाच त्यांनी बिरुदेवच्या डोळ्यांत बघितलं. "हायत का?"

बिरुदेव बाकड्यावर टेकला, आण्णांच्या शेजारी नाही, पण फार लांबही नाही. निम्मा कप त्यानं दोन्ही हातांत धरला.

"हायत," तो म्हणाला.