सुईवरचं झाकण

“नाही देणार,” तो म्हणाला.

प्लेअर उचलून दुकानात यावं, काचेआडच्या वस्तूवर बोट ठेवावं, आणि दुकानदारानं म्हणावं, नाही देणार! तिच्या डोक्यात तिडीकच गेली. घरचे तिला तडतडी म्हणायचे ते काही उगाच नाही.

“का? मी काय फुकट मागतेय?”

“तसं नाही, ताई. तुमच्या रेकॉर्ड प्लेअरचा आर्म, हा रेकॉर्डवर फिरणारा दांडा, हलका आहे. त्याच्या टोकाला बसणारं हे कार्ट्रिज ताठ सुईचं, त्याला जड आर्म लागतो. महाग आहे म्हणून ते तुमच्या प्लेअरशी जमेलच असं नाही.” त्यानं एक साधीशी डबी पुढे सरकवली. “हे मऊ सुईचं. हे जमेल.”

ताई म्हणे! स्वतः कुठला मोठा बाळ लागून गेलाय? बोटं मात्र देखणी होती मेल्याची... त्याचाही तिला राग आला.

“जमलंच पाहिजे,” ती म्हणाली. “बाबा गेले तेव्हापासून हा मुका पडलाय. दादा म्हणतो, रविवारी वाजला तर ठेवू, नाहीतर अडगळ एकदाची काढून टाकू. अडगळ! माझ्या बाबांचा प्लेअर — अडगळ!”

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज कापला. त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. डोळे भरलेले, नाकाचा शेंडा लाल, आणि तरी भांडायला तयार... तो बघतच राहिला.

मग त्यानं जुनं कार्ट्रिज काढलं, बारीक तारा चिमट्यानं नव्याला जोडल्या, स्क्रू आवळले, मागचं वजन फिरवून आर्म तोलला. ती दादाचे एकेक गुन्हे सांगत होती, तो हं, हं करत होता. आता लावून बघायचं, तेवढ्यात दिवे गेले.

“घरी वाजवा. काही झालंच तर फोन करा,” तो म्हणाला, “मी येईन.”

रविवारी तिनं सुईवरचं प्लॅस्टिकचं इवलंसं झाकण काढलं, बाबांची आवडती रेकॉर्ड लावली आणि सुई टेकवली. सुई सर्रकन घसरत पार मधोमध जाऊन थांबली. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

“झालं समाधान?” दादानं बाह्या सरसावल्या. “उचलू?”

“हात तर लावून बघ!”

फोनवर तिनं दुकानदाराला काय काय सुनावलं, ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. तो धापा टाकत आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

“हे जमणारं कार्ट्रिज?” ती कडाडली. “मोठ्या तोऱ्यात ताठ सुई, मऊ सुई सांगत होतात!”

त्यानं वाकून पाहिलं. मग टेबलावरचं झाकण उचललं आणि कानापर्यंत लाल झाला.

“कार्ट्रिज बरोबर आहे. मी... मी झाकणासकट आर्म तोलला. झाकण काढलं की पुढची बाजू हलकी पडते, सुई खाचेत नीट टेकत नाही, घसरते. आधी झाकण काढायचं असतं.”

“इतकी वर्षं हेच करता ना?”

“हो. आजवर कधी चुकलो नव्हतो.”

“मग माझ्याच वेळी बरं चुकलात!”

“तुम्ही बोलत होतात...” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “मी आर्मकडे बघतच नव्हतो.”

दादा उगाचच खोकला आणि पाणी आणायला आत गेला.

त्यानं आर्म पुन्हा तोलला. आता मात्र एकदाही वर पाहिलं नाही. सुई टेकली, जराशी खरखर झाली... आणि खोली सुरांनी भरली.

पाण्याचा पेला घेऊन दादा दारातच थबकला. “या सुरावर बाबा डोळे मिटायचे,” तो हळूच म्हणाला आणि तिथंच जमिनीवर बसला. रेकॉर्डची बाजू संपली. “असू दे इथंच,” दादा म्हणाला आणि डोळे पुसत आत गेला.

सुईवर झाकण लावायला दुकानदारानं हात पुढे केला. तिनं ते मुठीत मिटून घेतलं.

“हे माझ्याकडे राहील.”

“पण ताई, प्लेअर हलवताना —”

“पुन्हा ताई म्हणालात तर याद राखा! आणि आर्म तोलायला दर रविवारी यायचं. झाकण मी काढीन. तुमचा काही भरवसा नाही.”

“दर रविवारी? अहो, एकदा तोलला की वर्षभर...”

तो थांबला. तिच्या रागावलेल्या डोळ्यांत कुठेतरी हसू लपलेलं होतं.

“लागतो,” तो घाईघाईनं म्हणाला. “दर रविवारी तोलावाच लागतो.”