हवाबंद पेटी

गाडीत सबवूफर, म्हणजे घुमणारा मोठा स्पीकर, बसवायचा तर पेटी लाकडाचीच, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. लोखंडाची पेटी मागणारा माणूस एक तर हौशी असतो नाहीतर हट्टी. फुलवाला दोन्ही नव्हता. त्याची फक्त गाडी ओली असायची.

तो बाजारातून ताजी फुलं भरून आणायचा आणि दुकानोदुकानी पोचवायचा. गाडीच्या मागच्या भागात कायम पाणी ठिबकत असे. मी करून दिलेली पहिली प्लायवूडची पेटी फुगली, दुसरीचे कोपरे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे सुटले. तिसऱ्या वेळी तो आला तेव्हा माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. "गाण्याशिवाय मला गाडी चालवता येत नाही, डोळा लागतो," तो म्हणाला. "पण लाकूड आता नको." दुधानं तोंड पोळलेला माणूस तो, त्याला काय समजावणार.

माझा थोरला भाऊ फॅब्रिकेशनचं काम करतो. लोखंडी जिने, गेट, पाण्याच्या टाक्या. त्याचं वर्कशॉप माझ्या दुकानाला लागून आहे, मधे एक दार. मी त्याला मापं दिली आणि वर न मागता उपदेशही केला, की लोखंड घंटेसारखं वाजतं, तेव्हा पत्रा जाड घे, आतून आडवी पट्टी मार, मग मी आतल्या बाजूने डांबरी शीट चिकटवतो. दादाने सगळं ऐकून घेतलं. "तू गाणी वाजव," तो म्हणाला. "लोखंडाचं मी बघतो."

पेटी झाली मात्र देखणी. वेल्डिंग असं, की जोड शोधायला बोट फिरवावं लागे. मी शीट चिकटवली, रबराची कड लावून स्पीकर घट्ट बसवला. आता वायर जोडायच्या टर्मिनलचं तेवढं भोक उरलं, अंगठ्याने झाकेल एवढं.

गळती तपासायची दादाची रीत टाक्यांवरची. जोडांना साबणाचं पाणी लावायचं आणि भोकातून हवा भरायची. बुडबुडा आला की तिथे गळती. टाकीला तो कॉम्प्रेसर लावतो, पण त्याने स्पीकरचा पडदा फाटला असता. म्हणून तो गुडघे टेकून बसला, भोकाला तोंड लावलं आणि पोटातून एक मोठी फुंकर मारली. पडदा हळूच बाहेर फुगून आला. दादाने भोकावर अंगठा दाबून धरला. एकही बुडबुडा आला नाही.

"लाकडातून हवा झिरपते," तो म्हणाला. "लोखंड एकदा घेतलेलं सोडत नाही."

खरं म्हणजे आता हवा सोडून द्यायची आणि पडदा जागेवर आला की मगच टर्मिनल बसवायचं. पण दादाला आपल्या कामाची भारी ऐट. "राहू दे तशीच भरलेली. उद्यापर्यंत पडदा फुगलेला राहिला, तर मान माझं काम." त्याने अंगठा सरकवला, मी टर्मिनल दाबलं, सीलंट भरलं आणि स्क्रू आवळले. पोरकटपणा होता, पण मजा वाटली.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा पडदा हलत होता.

बाहेर येत होता, आत जात होता, सावकाश. वायर कशालाच जोडलेली नव्हती. मी म्हटलं, लोखंड आहे, दारातून ऊन येतंय, आतली हवा तापून पसरत असेल, निवली की आकसत असेल. पेटी सावलीत ओढली. वर ओलं पोतं टाकलं. मग एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं काम हातात घेतलं आणि दोनदा भलतीच वायर कापली. मान सारखी मागे वळत होती. लोखंडाला तापून निवायला बराच वेळ लागतो. पडद्याला तेवढा वेळ लागत नव्हता.

मधलं दार वाजलं. वहिनी होती. ती कधी दुकानात येत नाही.

"भावजी, हे आज कामावर आले नाहीत, तुमच्या लक्षात तरी आलं का?" ती म्हणाली. "कालपासून दम लागतोय त्यांना. दारापर्यंत गेले तरी बसतात."

आम्ही दादाला डॉक्टरकडे नेलं. छातीचा फोटो स्वच्छ निघाला. वेल्डिंगच्या धुराने होतं असं, म्हणत डॉक्टरने औषध दिलं, पण काडीचा फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेलो तर तो पलंगाच्या कडेवर बसला होता, तळवे गुडघ्यांवर टेकवून. छाती वर जायची, खाली यायची. मी काहीबाही विचारत राहिलो, पण नजर छातीवरून हटेना. ती चाल माझ्या ओळखीची होती. दुकानात मी तीच बघत आलो होतो.

असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. म्हणूनच पेटी उचलून आणली. समोरासमोर ठेवली की दोन्हींच्या चाली वेगळ्या दिसतील आणि माझ्या डोक्यातला भुंगा थांबेल, असा हिशेब होता. खिडकीतून लख्ख उजेड येत होता. मी पेटी दादापुढे स्टुलावर ठेवली.

त्याची छाती वर गेली की पडदा आत जायचा. छाती खाली आली की पडदा बाहेर. एकदाही चुकलं नाही.

वहिनी भिंतीला टेकली. दादाने पेटीकडे पाहिलं आणि एकेका दमाला एकेक शब्द काढत म्हणाला, "मला… कालच… कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू… हसला असतास."

खरंच हसलो असतो. आई-बाबांमागे मला हाताला धरून वाढवलेला हा माणूस, आणि तो माझ्यासमोर जात होता. पडद्याची झेप मघापेक्षा मोठी झाली होती आणि दादाची छाती जेमतेम उचलत होती. असंच चाललं तर सगळा श्वास पेटीचा होणार, हे समजायला डॉक्टर नको होता.

मी स्क्रूड्रायव्हर काढला. वहिनीने माझं मनगट धरलं.

"उघडलंत आणि श्वास खोलीतच निघून गेला तर?"

हे मला सुचलंच नव्हतं. आम्ही दादाला कुशीवर निजवलं, डोक्याखाली दोन उशा घातल्या आणि पेटी इतकी जवळ सरकवली की त्याचे ओठ टर्मिनलला लागले. मी स्क्रू काढले. टर्मिनल उपटलं आणि त्याच क्षणी वहिनीने दादाचं तोंड भोकावर दाबलं.

त्याला ओढून घ्यायची ताकद नव्हती. मी दोन्ही तळवे पडद्यावर ठेवले आणि हळूहळू आत दाबू लागलो.

आधी काहीच झालं नाही.

मग दादाचे गाल फुगले. मग छाती.

पडदा तळाला टेकला. त्याच्यापुढे तो जात नाही. मी असे शेकडो बसवलेत.

हवा येतच होती.

मी हात उचलले. पडदा तसाच आत बसून राहिला आणि दादाची छाती फुगत राहिली.

"पुरे," वहिनी म्हणाली. "भावजी, पुरे."

मी पेटी मागे खेचली. दादा खोकला, उठून बसला आणि पाणी मागितलं. त्याच्या ओठांवर रंग आला होता. वहिनी रडली. मीही रडलो, लाज न बाळगता.

पेटी दादाने स्वतःच्या हाताने ग्राइंडरने कापली. आत माझी डांबरी शीट होती आणि आडवी पट्टी. आणखी काही नाही. फुलवाल्याला मी फायबरची पेटी करून दिली, तो खूश आहे, पाण्याची भानगडच मिटली. दादा पुन्हा टाक्या बांधतो. उलट आता तो पूर्वीसारखा थकत नाही. जड पत्रा खांद्यावर घेऊन जिना चढतो आणि वर पोचून शिट्टी वाजवतो. मी स्वतःला बजावलं की दादा बरा झाला, विषय संपला.

परवा दुपारी दादा वर्कशॉपमधल्या बाकावर जेवून आडवा झाला होता. वहिनी डबा न्यायला आली होती. तिने मधल्या दारातून मला खुणेने बोलावलं. तिचे डोळे खोल गेले होते. इतके दिवस मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

"मला झोप येत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणून मी ऐकत पडते. तुम्ही बघा आणि मला सांगा, माझंच चुकतंय का."

मी बघितलं. दादाने श्वास घेतला. छाती वर गेली, खाली आली, श्वास सुटला. छाती तशीच खाली राहिली, हलली नाही, आणि श्वास पुन्हा सुटला.

"एकदा घेतात," वहिनी म्हणाली, "आणि दोनदा सोडतात."